बॅनरवरचा गप्प माणूस

सकाळी भाजी आणायला खाली उतरलो, तर चाळीच्या तोंडाशी मीच उभा होतो. बॅनरवर. वर आमच्या विभागाच्या नेत्यांचा हसरा चेहरा आणि खाली डाव्या कोपऱ्यात मी. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या चौपट उंच होता, म्हणजे क्षेत्रफळात सोळापट. माझे हात जोडलेले आणि डोळे मिटलेले होते. फोटो आदल्या वर्षीच्या चाळीच्या सत्यनारायणाचा होता. पूजा कापून टाकली होती, पण माझ्या कानापाशी केळीचं एक पान राहून गेलं होतं.

खाली लिहिलं होतं: "मी घोषणा देत नाही. मी मोर्च्यात जात नाही. मी सोबत आहे. - एक सामान्य नागरिक."

पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसऱ्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

भाजीवाली म्हणाली, "काका, उभे राहताय काय निवडणुकीला? मग कोथिंबीर फुकट नाय हां."

तेव्हा सीमेवरची लढाई लांबत चालली होती. तिचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक मजकूर सोडून नावावर भांडतात. सुरुवातीला चाळीत पेढे वाटले गेले होते. पुढे पेढे थांबले, मग लोक बातम्या लावेनासे झाले, आणि मग हळूहळू कुणी कुणी मैदानात जमू लागले, "आता पुरे" असे फलक धरून. दर शनिवारी संध्याकाळी. माझा एक वर्गमित्र आमच्याच चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहतो. त्याच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे आणि तिच्याभोवती तीन भिंती पुस्तकं. हा मित्र त्या शनिवारच्या सभांचा एक खांब होता. मी गेलो नव्हतो. पहिल्या शनिवारी ऑफिसात काम निघालं, दुसऱ्या शनिवारी गुडघा दुखत होता, आणि तिसऱ्या शनिवारी पहिल्या दोन शनिवारांची सवय झाली होती. शिवाय मित्राने मला सभेला पाच हजार माणसं होती असं सांगितलं, तेव्हा मी त्याला मैदानाची लांबी-रुंदी विचारली. त्यानंतर त्याने मला बोलावणं सोडून दिलं.

याच सुमाराला नेत्यांचं ते भाषण झालं. पटांगणात झालं आणि मग प्रत्येकाच्या मोबाईलवर आलं. "मैदानात ओरडणारे मूठभर आहेत," ते म्हणाले. "माझं आवाहन आहे ते घरात बसलेल्यांना. जे शांतपणे जेवतात, पोरांचा अभ्यास घेतात, गॅसचा नंबर लावतात, त्यांना. तुम्ही रस्त्यावर येऊ नका. काही करू नका. तुमचं काही न करणं हीच देशाला तुमची साथ."

मतं मागणारे, वर्गणी मागणारे, रक्त मागणारे पुढारी मी पाहिले होते. काहीच न मागणारा हा पहिलाच. आणि मागणी अशी की ती नाकारायची कशी तेच कळेना. मी संध्याकाळी जेवलो. म्हणजे साथ दिली. रात्री झोपलो, तर सात-आठ तास अखंड साथ दिली.

भाजीची पिशवी तशीच घेऊन मी त्यांच्या कार्यालयात गेलो. तिथला कार्यकर्ता शेजारच्याच चाळीतला. लहानपणी त्याचा चेंडू आमच्या गॅलरीत यायचा आणि मी तो परत करायचो, एवढी ओळख.

"काका, या या. कसा आलाय फोटो?"

"फोटो चांगला आहे. काढून टाक."

"का? तुम्ही मोर्च्याला गेला होतात?"

"नाही."

"विरोध केलात? कुठे लिहिलंत, ग्रुपवर काय टाकलंत?"

"नाही."

"मग?"

"मग काय मग? मी दुधी हलव्याविरुद्धही कधी मोर्चा काढलेला नाही. म्हणून काय मला तो आवडतो?"

त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. "काका, तुम्ही आकड्यातले माणूस. विभागात माणसं किती? त्यातून मैदानातली वजा करा. उरली ती आमची."

"उरलेल्यांत तान्ही पोरं आहेत."

"ती पण सोबत."

"हॉस्पिटलात पडलेले आहेत. गावाला गेलेले आहेत. समोरच्या टॉवरमध्ये तर अर्ध्या घरांना कुलपं आहेत, आत कुणी राहतच नाही."

"मनाने सोबत," तो म्हणाला. "आणि काका, खरं सांगू? साहेबांनी तुमचा फोटो स्वतः निवडला. म्हणाले, हा चेहरा बघ. हा माणूस आयुष्यात कधी तोंड उघडणार नाही."

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की तिला कढई उतरवून ठेवावी लागली.

बॅनर दिवाळीपर्यंत राहणार होता. मी ते हसण्यावारी न्यायचं ठरवलं. मित्र जिन्यात भेटला की म्हणायचा, "काय रे सामान्य नागरिक, आज तोंड उघडलंस? साहेबांना विचारलंस का?" पोरं मला बघून डोळे मिटून हात जोडायची. हे सगळं चाललं असतं. चाललं नाही ते वहिनींचं.

वहिनी आमच्या समोरच्या खोलीत राहतात. मूळ मालवणकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा फौजेत, आणि त्या वर्षी त्याची तुकडी तिकडेच होती, जिथे लढाई होती. समोर टॉवर झाल्यापासून आमच्या माळ्यावर मोबाईलला बोलण्याइतकी रेंज एकाच ठिकाणी येते: माझ्या खोलीच्या खिडकीत, उजवीकडच्या गजापाशी. मुलाचा फोन रविवारी दुपारी यायचा. वहिनी जेवणं उरकून आमच्या पलंगावर येऊन बसायच्या, कपाळ गजाला टेकवायच्या आणि साऱ्या डिलाईल रोडला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्याशी बोलायच्या. आम्ही तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवायचो. मुलगा काय जेवला, मोजे कोरडे आहेत का, शेजारच्या खाटेवरचा पंजाबी मुलगा अजून घोरतो का, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत असायचं.

बॅनर लागला त्या रविवारी वहिनी आल्या नाहीत. त्या गच्चीवर गेल्या, पाण्याच्या टाकीपाशी. तिथे रेंज येते आणि जाते. बायको पापड वाळत घालायला वर गेली होती, ती खाली येऊन म्हणाली, "पूर्ण वेळ एकच चाललं होतं. 'जेवलंस? आवाज येना नाय. जेवलंस?' मग फोन कट. परत फोन. परत 'जेवलंस?'"

पुढच्या रविवारीही तेच. मी त्यांच्या दाराशी गेलो. आमच्याकडे दारं दिवसा उघडीच असतात, त्यामुळे टाळायला त्यांना जागा नव्हती. त्या तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी, तो बॅनर मी लावलेला नाही."

"म्हायत आसा माका."

"मग खिडकीत या ना."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "भावजी, माझ्या झिलाक तिकडे धाडल्यानी, तेव्हा तो तुमच्या पाया पडाक इलो होतो. तुमी काय बोललात तेका?"

मला आठवेना.

"तुमी इचारलात, बॅग किती किलोची चलता."

ते मी विचारलं असणार. मी तसं विचारतो.

"तुमी कायेक बोललात नाय," वहिनी म्हणाल्या. "म्हणान त्या बॅनरवाल्यांका वाटला, तुमी तेंच्यातले. माका पण तसाच वाटला."

म्हणजे कार्यालयाचं आणि वहिनींचं गणित एकच होतं. फक्त कार्यालयाने मला त्यात जमेला धरलं होतं आणि वहिनींनी वजा केलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय बोलावं ते सुचायच्या आत त्यांनी सूप परत उचललं.

त्यानंतर दसरा आला, रविवारीच.

आमच्या चाळीचा पंप एक दादा बघतात. दसऱ्याला झेंडूचे हार करायचे ते त्यांनीच. पहाटे बसतात आणि उजाडेपर्यंत पंपाला, मीटरच्या पेटीला, जिन्याच्या कठड्याला, सगळ्या स्कूटरींना हार पडलेला असतो. एका वर्षी त्यांनी उभ्या टेंपोला हार घातला आणि तो टेंपो चाळीतला नव्हताच. त्यांचा नियम साधा आहे: दसऱ्याला दारातली एकही वस्तू उघडी ठेवायची नाही. बॅनर दारात होता. शिडी कुणीतरी रंगकामाला नेली होती. मग दादांनी हात पोचेल तिथे हार घातला. नंतर मी विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेबांपर्यंत हात जात नव्हता. तुम्ही हाताशी होतात."

तर माझ्या मिटल्या डोळ्यांच्या, हात जोडलेल्या फोटोला झेंडूचा ठसठशीत हार. खाली ओळीने कार्यकर्त्यांचे गंभीर पासपोर्ट फोटो. आपल्याकडे फोटोला हार म्हटल्यावर पुढचं कुणाला वाचावं लागत नाही.

त्यात भर पडली ती मित्राच्या घरच्यांची. दसऱ्याला आमच्या चाळीतली बौद्ध कुटुंबं पांढरे कपडे घालून विहारात जातात. त्या दिवशीही सगळे पांढऱ्या साड्यांत, पांढऱ्या सदऱ्यांत खाली जमले आणि कुणीतरी मागे राहिलं होतं म्हणून वाट बघत थांबले. नेमके त्या बॅनरखाली. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसलं ते असं: फोटो, हार, आणि पांढऱ्या कपड्यांत खालच्या आवाजात बोलणारी वीस-पंचवीस माणसं.

समोरच्या वाण्याने अर्धं शटर ओढलं. दसऱ्याच्या दिवशी, गिऱ्हाइकांची रांग असताना. एवढा मान मला जिवंतपणी मिळेल असं वाटलं नव्हतं.

मी वर श्रीखंड घोटत होतो, त्यामुळे मला यातलं काही माहीत नव्हतं. पहिला फोन डोंबिवलीहून बहिणीचा, खिडकीत ठेवलेल्या बायकोच्या मोबाईलवर आला.

"वहिनी..." असं म्हणून ती रडायलाच लागली.

"तुझी वहिनी पुऱ्या लाटतेय. काय झालं?"

रडणं थांबलं. "कोण बोलतंय?"

"मी."

"तू?" तिने नाक ओढलं. "मग गेलं कोण?"

कुणीतरी बॅनरचा फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर, ज्यात चाळ सोडून गेलेलेही आहेत, टाकला होता आणि खाली "कळविण्यास अत्यंत दुःख होते" असं लिहिलं होतं. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. एकाने घाईत टाळ्या दिल्या होत्या. तो कोण ते मी बघून ठेवलं.

मग जिन्यात पावलं वाजायला लागली. वाणी आला, हातात पांढरी फुलं. दार बायकोने उघडलं, पिठाच्या हातांनी. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "भाभी, बहुत बुरा हुआ. काका कुठेयत?"

"आत. श्रीखंडाची चव बघतायत," बायको म्हणाली. "चौथ्यांदा."

मित्र विहारातून आला तो धावतच वर चढला. मला बघून तो पायरीवर बसला आणि त्याला हसू आवरेना. पांढऱ्या सदऱ्याने डोळे पुसत म्हणाला, "रे, मी विहारात लोकांना सांगत होतो, माणूस चांगला होता, फक्त मोजमाप फार करायचा. आणि काय बहुमत आहे बाबा यांचं! मेलेले पण धरलेत."

वहिनी दोन दिवस फणसवाडीत बहिणीकडे होत्या. ग्रुपवरचं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. दुपारी टॅक्सीतून उतरल्या, बॅनर पाहिला, वाण्याचं शटर पाहिलं. एव्हाना त्याने ते परत उघडायला हवं होतं, पण वर तो पुऱ्या खात बसला होता. वहिनी जिना कसा चढल्या ते त्यांनाच माहीत. मला दारातून त्यांचा आवाज आला.

"अगे माझ्या बाये, असो कसो गेलो गे! तेच्याशी मी बोलाक पण नाय रे देवा! पंधरा दिस बोलाक नाय!"

बायकोच्या गळ्यात पडून त्या रडत होत्या. बायको सांगायचा प्रयत्न करत होती, पण तिचं तोंड वहिनींच्या खांद्यात दाबलं गेलं होतं. मी पुरी हातात घेऊन बाहेर आलो.

"वहिनी, मी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुरीकडे. मग परत माझ्याकडे. आणि हातातली पिशवी माझ्या अंगावर फेकली. तिच्यात करंज्या होत्या.

"जिते आसात? आणि खातास? लाज नाय वाटना तुमका? माझा काळीज तोंडात इला! फोटोक हार घालून घेतास? कोणी सांगितल्यान तुमका गप ऱ्हवाक? गप ऱ्हवतास म्हणान लोक हार घालतत!"

ही शिवीगाळ बराच वेळ चालली. पंधरा दिवसांचं साठलेलं होतं. मी मधे काही बोललो नाही, आणि त्याबद्दलही मला दोन शिव्या जास्त मिळाल्या.

तेवढ्यात त्यांच्या कंबरेला खोचलेला फोन वाजला. रविवार, दुपार. वहिनी शिव्या देता देता आत शिरल्या, सवयीने थेट आमच्या पलंगावर चढल्या आणि कपाळ गजाला टेकवलं. बायकोने पटकन टीव्ही बंद केला. वाणी पुरी हातात धरून थांबला.

"जेवलंस?" वहिनी ओरडल्या. आणि मग ऐकत राहिल्या. पलीकडून पूर्ण वाक्यं येत होती, एकामागून एक. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मोजे, खाटेवरचा पंजाबी, तिकडे पडलेली थंडी. मग त्या म्हणाल्या, "खय गेले? हयच आसत. घे, तूच बघ," आणि फोन माझ्याकडे दिला.

"काका," मुलगा म्हणाला, "ग्रुपवर आलंय तुम्ही गेलात."

"गेलेलो नाही."

"बरं झालं. आईला रेंज कुठून मिळाली असती?"

तो हसला. मागे कुणीतरी मोठ्याने काहीतरी म्हणालं आणि तोही तिकडे काहीतरी ओरडला. मग म्हणाला, "दिवाळीचं काय खरं नाही काका. सुट्ट्या बंद आहेत. आईला मी सांगितलं नाही अजून. तुम्ही सांगा. हळू सांगा." फोन बंद झाला.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. हळू कसं सांगायचं ते मला येत नाही. "दिवाळीला सुट्टी नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आवाजावरून कळलंच असावं.

दारात कार्यकर्ता उभा होता. घामाघूम, हातात कटर. खालून बॅनर कापून आला होता, हार त्याच्या खांद्यावर होता. "काका, सॉरी हां. साहेब फार भडकले. म्हणाले, समोर निवडणूक आणि आपल्या बॅनरवर माणसाला हार? अपशकुन! एका तासात उतरव." मी कार्यालयात जाऊन जे मागितलं होतं, ते झेंडूने एका सकाळीत केलं होतं. मग त्याने आवाज खाली आणला. "दुसरा फोटो लावायचाय. वहिनी, तुमचा द्याल? फौजीची आई. तुम्हाला काही बोलायचं नाही, नुसतं..."

"थांब रे," वहिनी म्हणाल्या. पलंगावरून उतरल्या नाहीत. "भावजी, आता ह्येच्यासमोर सांगा. तुमका काय वाटता? माझ्या झिलाचा?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. कार्यालयाने वजाबाकी केली होती आणि मित्राने टोमणे मारले होते. वाण्याने चावणं थांबवलं.

"पोरं परत आणावीत," मी म्हणालो. "आता. लढाई थांबवावी आणि आणावीत."

"जोरान बोला. ह्येका ऐकाक येवक नाय."

मी परत बोललो, जोरात. गॅलरीत मित्र उभा होता, तो आत डोकावला.

"एवढाच?" वहिनी म्हणाल्या. "एवढा बोलूक तुमका पंधरा दिस लागले?"

कार्यकर्ता कटर बंद-चालू करत होता. "काका, पण हे आधी बोलायचं ना. आता मी साहेबांना काय सांगू?"

"सांग, तेंच्या गप बसलेल्यांतलो एक कमी झालो," वहिनी म्हणाल्या. "नाय. दोन. माका पण धरू नको."

आतून बायकोचा आवाज आला. ती या सगळ्या पंधरा दिवसांत लढाईबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि ती कुठल्या बाजूची आहे हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.

"तीन," ती म्हणाली. "आणि त्याला बसायला सांगा, त्याच्या पण पुऱ्या टाकल्यात."